आमच्या विहिरीची दवंडी परगावात

मंडळी, आज चाकणच्या बाजारातून परतताना शेजारच्या मोठ्या गावात दवंडी ऐकली आणि सायकलवरून उतरलोच. "ऐका हो ऐका! खालच्या वाडीच्या विहिरीचं पाणी नासलंय, पटकीची भीती हाय, कुणी पिऊ नका!"

खालची वाडी म्हणजे आमची. दवंडी ऐकणाऱ्यांत ते पाणी पिणारं कुणीच नव्हतं!

दवंडी देणाऱ्या कोतवालाला म्हटलं, "बाबा, ही दवंडी आमच्याकडं का न्हाई?"

"आता आपल्या दोन्ही गावांची पंचायत एक झाली. दवंडी हितल्या कचेरीपुढंच द्यायची, असा हुकूम हाय."

आमची जुनी पंचायत लहान होती, पण चावडी विहिरीपासून हाकेवर होती.

धापा टाकत घरी पोचलो. बायकोनं आत्ताच शेंदलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला.

पंचायत मोठी झाली हो. आता सांगा, सकाळपासून हे पाणी प्यालेल्या लेकरांना मी काय सांगू?