घंटी तेवढी खणखणीत

जुनी सायकल विकायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. परक्या पुरुषाला विचारणार तरी कोण? ह्यांची सांबऱ्याच्या शाळेत बदली झाली होती. बेळगावहून रोज पायी जाऊन येऊन गुडघे सुजायचे, म्हणून सायकल हवीच होती.

तो उपरण्यानं सायकल सारखी पुसत होता. हे साखळीकडं वाकले की घंटी वाजवायचा, चाकाला हात लावला की पुन्हा घंटी.

"लई गुणाची हाय, मास्तर," तो म्हणाला. "परवा निपाणीस्नं हिच्यावरच आलतो. वाटंत कुठं पाय टेकला न्हाय."

ह्यांनी जाणकारासारखी मान हलवली. ह्यांना सायकलीतलं घंटीपुरतंच कळत होतं. मी दाराआड मान खाली घालून उभी होते, त्यामुळं मला सायकल कमी आणि त्याच्या वहाणा जास्त दिसल्या. टाचा झिजून पार जमिनीला लागल्या होत्या.

जन्मात पहिल्यांदा मी परक्यासमोर बोलले, "त्यांना जरा बसून दाखवायला सांगा की."

"आता ती तुमची झाली, आक्का," तो गंभीरपणे म्हणाला. "दुसऱ्याच्या वस्तूवर आम्ही बसत न्हाय."

"आमची हरकत न्हाय," मी म्हटलं.

या वेळी त्यानं घंटी वाजवली नाही. आजारी माणसाला धरून नेतात तशी सायकल धरून तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.

"मला मघाशीच कळलं होतं," हे म्हणाले, आणि गुडघ्याला लावायला तेल मागितलं.