साखरीचं अंथरूण

नवरा कल्याणप्पा गेल्यावर शिवम्मा घोडी विकून टाकील, असं जळकोटात सगळे धरूनच चालले होते. कल्याणप्पा घोडी घेऊन लग्नाच्या वराती करायचा. त्याच्यामागं त्या पांढऱ्या घोडीला, साखरीला, बघणार कोण? पण लग्नसराई लागली तशी शिवम्मानं स्वतःच लगाम धरला. विधवा बाई वरातीपुढं चालते म्हणून काहींनी नाकं मुरडली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "घोडी माझ्याबिगर पाऊल उचलत न्हाय. चालत असंल तर बघा." लोकांनी चालवून घेतलं. सात वर्षं ती नवरदेवांना मांडवाच्या दारात पोचवत राहिली.

साखरी म्हातारी झाली. फरशीवर बसता-उठता तिला त्रास व्हायचा. शिवम्मानं तेलघाण्यावरून भुईमुगाच्या टरफलांची पोती आणून जाड थर अंथरला. पावसाळ्यात पत्रा गळून त्यातली काही पोती भिजली. वरून वाळल्यासारखी दिसली म्हणून तिनं तीच पसरली. साखरी टरफलांत तोंड घालून राहिलेले दाणे हुडकायची, टरफलंही चघळायची. शिवम्मा हसायची, "अव्वा, अंथरूण खातीस व्हय गं?"

दसरा झाला आणि साखरीनं कडबा सोडला. चालताना झोकांड्या जायला लागल्या. एका सकाळी ती भिंतीला कपाळ दाबून उभी दिसली; हाक मारली तरी वळेना.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी उलटून बघितली. आत हळदीसारखं पिवळं होतं. त्यांनी खालची मूठभर टरफलं उचलली. आतून हिरवट बुरशी धरली होती.

"आजी, ह्या बुरशीत विष असतं. लिव्हर गेलंय हिचं. ही कुणी अंथरली?"

"म्याच. तिचे गुडघे दुखायचे म्हणून."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन दिवस येत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी साखरी आडवी झाली. शिवम्मानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, कानाशी कानडीत काहीबाही बोलत राहिली. श्वास थांबला तरी बोलतच होती.

मग एकदम तिला आठवलं. त्यातलंच एक पोतं तिनं शेजारच्या गिरिजाबाईला तिच्या वासराखाली टाकायला दिलं होतं. ती अनवाणीच पळत गेली.

"ती टरफलं काढा! आधी वासरू बाहेर घ्या!"

दोघींनी गोठा खरवडून काढला, सगळं खड्ड्यात पुरलं. तेव्हा कुठं शिवम्मा गोठ्याच्या दारात बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

वासरू दोन दिवस मलूल राहिलं, मग दूध प्यायला लागलं. गिरिजाबाई सांगायला आली, "तुमच्यामुळं वाचलं बघा, शिवम्माक्का."

 वासरू बघायला मात्र शिवम्मा कधीच गेली नाही.