संसदभवनाची मागची बाजू

"हा गोल व्हरांडा कुठून आला?" नोराने विचारलं.

भिंतीवरच्या स्क्रीनवर डब्लिनच्या संसदभवनाचं आमचं थ्रीडी मॉडेल फिरत होतं. नोरा म्हणजे जुन्या इमारतींच्या जतनातली तज्ज्ञ. क्लायंटतर्फे मॉडेल पास करणार तीच. माझा बॉस डेक्लन तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, कारण पुढचं कामही तिच्याच हातात होतं. चौथे होते एक अमेरिकन म्युझियमवाले. मॉडेल आधी त्यांच्या प्रदर्शनात जाणार होतं.

मी निरखून पाहिलं. मागच्या बाजूला खांबांचा ऐटबाज अर्धगोल व्हरांडा होता. त्या इमारतीभोवती मी स्वतः स्कॅनर घेऊन फिरले होते. तिथे व्हरांडा नव्हता.

ही इमारत मुळात एका उमरावाचं घर. रस्त्याकडून ती शहरातल्या हवेलीसारखी दिसते, बागेकडून गावाकडच्या बंगल्यासारखी. लेझर स्कॅनर चारी बाजूंना किरण सोडतो आणि ते जिथे आपटतात तिथे एकेक ठिपका नोंदवतो. त्या ठिपक्यांवरून मॉडेल बनतं. झाडाआडचं त्याला दिसत नाही. बागेकडे झाडं दाट, म्हणून तिथे भोक राहिलं होतं. मी ते तसंच ठेवून फाइल श्रीकांतकडे दिली. श्रीकांत आमचा पुण्याचा मॉडेलर. त्याला भोक बघवत नाही.

डेक्लनने त्याला स्पीकरवर घेतलं. श्रीकांतने शांतपणे सांगितलं, की व्हाइट हाऊस या इमारतीवरूनच बांधलं असं त्याने वाचलं होतं. म्हणून कमी पडलेला भाग त्याने तिकडून घेतला.

नोराने चष्मा काढला. तिकडचा वास्तुकार आयरिश होता, डब्लिनमध्ये शिकलेला, आणि त्याने ही इमारत डोळ्यांपुढे ठेवली असं म्हणतात, हे तिने मान्य केलं. पण तो गोल व्हरांडा तिकडेसुद्धा नंतर जोडलेला.

"म्हणजे तुम्ही नातवाचं नाक आजोबांना लावलंत," ती म्हणाली.

अमेरिकन गृहस्थांना मात्र नाक आवडलं होतं. राहू द्या, आमच्या लोकांना ओळखीचं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. डेक्लन 'ग्रँड' म्हणायच्या बेतात होता. इथे ग्रँड म्हणजे 'चालेल'. त्याआधीच मी बोलले.

"व्हरांडा काढते. तिथे करडा रंग देते आणि खाली लिहिते, हा भाग दिसला नाही."

नोराने मॉडेल पास केलं. डेक्लनने बाहेर आल्यावर सुस्कारा सोडला.

मॉडेल करड्या ठिगळासकट अमेरिकेला गेलं. तिथे सगळ्यांत जास्त प्रश्न त्या ठिगळाबद्दल आले, त्यामागे काहीतरी गुप्त असणार म्हणून. हिवाळ्यात पानं झडल्यावर मी पुन्हा स्कॅन केलं. निघाल्या साध्या खिडक्या. श्रीकांत म्हणाला, "एवढंच?"

पुढचं काम आम्हालाच मिळालं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जे दिसलं नाही, ते दिसलं नाही असं लिहायचं. लोक त्यात आपापलं भरतात, आणि त्याचा दोष आपल्यावर येत नाही.