लाल सोनं आणि माझी आतेबहीण

माझ्या आतेबहिणीइतकं सोन्यावर जीव टाकणारं आणि अंगावर गुंजभरही सोनं न घालणारं माणूस अख्ख्या उरण तालुक्यात सापडणार नाही. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती सोन्याचे नॅनोकण बनवते, म्हणजे इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. हे कण कॅन्सरच्या पेशी हुडकून त्यांना चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी उजळून निघतात. गावाने यातलं फक्त 'सोनं' ऐकलं. ताई सुट्टीला आली की बायका पाटल्या घेऊन दारात हजर, खऱ्या आहेत का बघायला. ती कुणाला परत पाठवत नाही. पाटली उन्हात धरून गंभीरपणे सांगते, की हे सोनं फार मोठं आहे म्हणून मठ्ठ आहे. बारीक झालं की ते लाल होतं आणि त्याला अक्कल येते. एका लग्नात तिने हेच व्याख्यान देऊन मोबाइलवर लाल पाण्याच्या बाटलीचा फोटो दाखवला, तेव्हा वरमाईने गळ्यातला हार पदराखाली घेतला तो जेवणं उठेपर्यंत बाहेर काढला नाही. बाजारात कोलंबी घेतानाही ती कोळणीला पेशी समजावते. कोळीण बिचारी दोन कोलंब्या जास्त टाकून सुटका करून घेते.

मग आत्यालाच स्तनाचा कॅन्सर निघाला. आत्याने लेकीला शांतपणे सांगितलं, तुझं ते लाल पाणी मला टोच. ताईने समजावलं, की ते अजून माणसांना देत नाहीत, काम उंदरांपर्यंतच पोचलंय.

"मंग मना उंदीर समज," आत्या म्हणाली.

ताई हसली, आणि हसत हसत स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चारचौघींसारखंच आत्याचं ऑपरेशन झालं, औषधं झाली. शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट आणायला मी ताईसोबत होतो. मी बंदरातला कारकून, कंटेनरच्या कागदांपलीकडे माझं वाचन नाही. पण इतकी वर्षं पेशींची चित्रं बघत आलेल्या त्या बाईने पाकीट माझ्याच हातात दिलं. "तू वाच. मला दिसत नाहीये."

मी अडखळत वाचलं. आजार कुठेही पसरलेला नव्हता. तिने परत वाचायला लावलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला तिने माझे उच्चार सुधारले, तेव्हा मला हायसं वाटलं.

आत्या आता बरी आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आदल्या दिवशी ताईचा फोन येतो, त्यात ना कण असतात, ना पेशी. "येशील ना रे?" एवढंच ती विचारते, आणि मी हो म्हटल्यावरही बराच वेळ फोन ठेवत नाही.