दट्ट्या आणि खोबरेल

सुरुवातीलाच क्षमा मागते. नेमबाजीविषयी लिहावे एवढी माझी तयारी नाही. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर, गुडघे कुरकुरू लागल्यावर, एअर रायफल हाती घेतली. वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचे म्हटले की मला आजही घाम फुटतो. तरीही छर्ऱ्यांना माप देणे आणि तेल लावणे या बारक्या कामाविषयी सांगावेसे वाटते, कारण माझी जागा त्यावर टिकायची होती.

जागा म्हणजे नगरच्या एका छोट्या शूटिंग रेंजवरची संध्याकाळची जागा. नेम धरण्याचे कट्टे मोजके आणि शिकायला येणारी मुले वाढती. जानेवारीतल्या चाचणीत जे ठरलेले गुण मिळवतील त्यांनाच पुढे ठेवता येईल, असे प्रशिक्षकांनी दिवाळीआधीच सांगून टाकले होते. ते पुणतांब्याचे, माझ्या मुलाच्या वयाचे. मला काढताना त्यांना वाईट वाटले असते, पण त्यांनी काढले असते. मला ती जागा सोडायची नव्हती. राहुरीहून एसटीने जाऊन तिथे उभे राहिले की कोणीही माझ्याकडे पाहत नसे. प्रत्येकाची नजर आपापल्या समोरच्या कागदावर. माझ्यासारखीला याहून सुखाची जागा मिळणे अवघड.

माझे छर्रे मात्र कागदावर विखुरत. एकाच डबीतले शिशाचे छर्रे, पण एखादा कणभर जाड, एखादा बारीक. त्यावर उपाय म्हणजे नेमक्या मापाच्या छिद्रातून एकेक छर्रा दाबून काढायचा आणि नळीत शिसे घासू नये म्हणून त्याला तेलाचा पुसट हात द्यायचा. त्यासाठी साधने दोन प्रकारची. एक टेबलाला बसवायचे दांड्याचे यंत्र. ते माप देता देता तेलही लावते. दुसरा मुठीत मावणारा पोलादी ठोकळा आणि त्याचा दट्ट्या. तेल आपले आपण लावायचे. प्रशिक्षकांचा कल यंत्राकडे होता. मी दोन्ही उसनी आणून घरी पाहिली. शिसे म्हणून स्वयंपाकघरापासून लांब, पडवीत टेबल मांडले. यजमानांनी ठोकळा हातात घेऊन, यातून शेवया कशा काय पडणार, अशी चौकशी केली.

त्यांनी थट्टेने म्हटले, पण मला त्यातच उत्तर सापडले. सोऱ्या दाबताना पीठ घट्ट झाले की सैल, हे तळहाताला कळते. दट्ट्याचेही तसेच होते. यंत्राच्या लांब दांड्याखाली सगळे छर्रे मुकाट्याने निघत. मुठीतल्या दट्ट्याने जाड छर्रा अडे, आणि बारीक छर्रा हाताला न जाणवताच खाली पडे. जाड छर्रा मापात आणता येतो. बारकाला जाड करता येत नाही, त्याला बाजूलाच काढावे लागते. तो ओळखायला मला हात हवा होता. मी दट्ट्या घेतला.

तेलाचीही रीतसर परीक्षा केली. शिवणयंत्राचे तेल आणि खोबरेल, दोन्ही लावून आठवडाभर नेम धरला. खोबरेल सरस ठरले. तो ऑक्टोबर होता.

चाचणीच्या सकाळी, संक्रांतीच्या आसपासच्या थंडीत, मी कट्ट्यावर डबी उघडली. आत छर्रे नव्हते, पांढरे खडे होते, एकमेकांना चिकटलेले. प्रशिक्षक डोकावले.

“मॅडम, हलवा वाटायला आणलाय व्हय?”

शेजारची मुले हसली. विद्यार्थ्यांना स्निग्धाम्लांचे वितळणबिंदू पाठ करायला लावणारी मीच ती. प्रशिक्षकांनी लगेच आपली नवी डबी पुढे केली. तिच्यातले छर्रे न मापलेले होते. मी मानेनेच नको म्हटले.

“आवो, येळ न्हाई ऱ्हायला.”

“आहे तेवढा पुरेल,” मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी त्यांच्याशी प्रथमच बोलले असेन.

बाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि गरम ग्लासावर डबी धरली. तेल सुटले. पण तसेच वापरले असते तर गार नळीत ते पुन्हा गोठले असते. म्हणून शालीच्या पदरात एकेक छर्रा कोरडा केला. कट्ट्यावर परतले तेव्हा इतरांचे सरावाचे छर्रे संपत आले होते. मला सरावाचा एकही झाडायला मिळाला नाही. पहिलाच छर्रा गुणांचा. तो डावीकडे गेला. मी श्वास सोडला, पुन्हा धरला आणि उरलेले छर्रे, घाई न करता, एकाच जागी पाठवत राहिले.

गुण काठावर जमले. प्रशिक्षकांनी कागद उजेडात धरून छिद्रे दोनदा तपासली आणि म्हणाले, “बुधवारी या, नेहमीच्या टायमाला. तेल तेवढं दुसरं आना.”

जागा राहिली. पण आता पुन्हा थंडी आली आहे, आणि शिवणयंत्राच्या तेलावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुम्ही हिवाळ्यात छर्ऱ्यांना कोणते तेल लावता?