वाकड्या माडाखालचं चेटूक

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी चेटकीण व्हायचं ठरवलं. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण त्या दिवशी सांडगे घालायचे होते आणि सासूबाईंना वेळ नव्हता.

दोष माझ्या भावाचा. तो मुंबईला गोदीतल्या एका कचेरीत होता आणि बोटींवरून आलेली जुनी इंग्रजी मासिकं फळ्यांवर अंथरायला म्हणून गठ्ठा बांधून आमच्याकडे मुरुडला पाठवायचा. मी मॅट्रिक पास. त्यामुळे फडताळ आवरायला घेतलं की डबे जमिनीवर, कागद हातात आणि मी वाचत बसलेली. अशाच एका मासिकात लेख सापडला की विलायतेत काही बायका आता उघडपणे स्वतःला चेटकिणी म्हणवतात. जुना कायदा रद्द झाला म्हणे. कुणाचं वाईट करत नाहीत. चंद्राला, झाडाला, पाण्याला नमस्कार करतात आणि प्रत्येकीनं आपापला मार्ग आपणच शोधायचा. फोटोत चार पोक्त बायका होत्या. एकीचा चष्मा तर थेट आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंचा!

पण मी अडकले ते एका वाक्याशी. यात पुरोहित लागत नाही. आमच्या घरी सगळे देव आईंच्या (सासूबाईंना मी आई म्हणत असे) ताब्यात. देवघराची कडी त्या काढणार, फुलं त्या वाहणार, मला फक्त चंदन उगाळायला मिळे आणि तेही त्यांना पातळ वाटे. कुलस्वामी सासरच्यांचा, ग्रामदेवता गावाची, मारुती मामंजींचा. माझा म्हणावा असा एक देव नव्हता. विहिरीपलीकडे आमच्या नारळाच्या वाडीच्या टोकाला मात्र एक वाकडा माड होता. नारळ पाडायची वेळ सोडली तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मला तो आवडायचा. म्हटलं, चला, हा आपला.

साहित्य जमवताना तारांबळ झाली. विलायती चेटकिणीला काळ्या मुठीची सुरी लागते. आमच्याकडे विळी. (विळी घेऊन मंत्र म्हणता येत नाही. तिच्यावर बसावं लागतं आणि बसलं की काहीतरी चिरावंसं वाटतं.) म्हणून कोयता घेतला. प्याला हवा होता, तर लग्नात आलेल्या सहा गुलाबी कपांतला एक उचलला. झाडू म्हणून अंगणातला खराटा आणि रिंगणासाठी बरणीतलं खडेमीठ. लेखात सगळं पौर्णिमेच्या रात्री करा असं होतं, पण रात्री मला आईंशेजारी झोपावं लागे. हे नोकरीसाठी पनवेलला, महिन्यातून एकदा येणार. तेव्हा मुहूर्त धरला तो आईंच्या दुपारच्या झोपेचा.

त्या घोरायला लागल्या तशी मी गेले. माडाभोवती मिठाचं रिंगण घातलं, मधे उभी राहिले आणि काय म्हणायचं ते न सुचून माडाला म्हटलं, "मी शालू. जरा माझ्याकडे लक्ष असू दे." खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मी माझं नाव सांगत होते. डोळे मिटून आणखी काही मागणार, तेवढ्यात घरातून हाक आली, "सूनबाई, चहा टाकलास का?"

धावले. कोयता, कप, खराटा, सगळं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमा आला. हा आठवड्यातले चार दिवस आमचे नारळ पाडायचा आणि उरलेले तीन दिवस गावाचा भगत असायचा. वाकड्या माडापाशी गेला आणि तसाच परत आला.

"बाय, मी माडावर चढायचा न्हाय. खाली कुनीतरी करणी केल्याय."

"मीठ दिसलं असेल," मामंजी म्हणाले. "माडाला मीठ घालतातच."

"मुळाशी घालत्यात, मालक. असा गोल नाय काडीत कुनी. वर कोयता हाय, खराटा हाय."

आई स्वतः जाऊन आल्या आणि ओटीवर मटकन बसल्या. "माझा गुलाबी कपसुद्धा आहे. घरातल्या वस्तू नेऊन केलंय मेलीनं."

मेली कोण, हे त्यांनी ठरवलेलंच होतं. दोनच दिवसांपूर्वी कोळीवाड्यातल्या जानकीचा सरंगा बासा, शिळा आहे म्हणून आईंनी परत केला होता, आणि जानकी रागानं बोलून गेली होती, "माज्या सरंग्याला बासा म्हनता? तुमचे नारलच नासतील." जानकी माझी मैत्रीण. मागल्या दारी बसून दर्याच्या गोष्टी सांगणारी गावातली एकुलती एक बाई. चेटकीण म्हणून नाव पडलं की तिला एकही दार उघडणार नव्हतं आणि तिची तीन पोरं तिच्या मासळीच्या पाटीवर जगत होती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय बोलले? "अगं बाई, खरंच की काय!" असं बोलले. आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

गोमानं तांदूळ टाकून पाहिलं. "करनारी बाईमानूस हाय. रोज तुमच्या मागल्या दाराशी असते."

तेवढ्यात जानकी पाटी घेऊन मागल्या दारी आलीच. सगळे तिच्याकडे वळले. (मागल्या दाराशी दिवसभर मी असते, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.)

"जानके, या घराची पायरी चढू नकोस. गावातही सांगते मी सगळ्यांना," आई म्हणाल्या.

जानकीनं पाटी खाली ठेवली. भांडायचं सोडून ती पदरानं डोळे पुसायला लागली. तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही.

"आई, चेटकीण मी आहे."

कुणी घाबरलं नाही. आई म्हणाल्या, "तुला विरजण धड लावता येत नाही, तू कसलं चेटूक करतेस?"

मी फडताळातून मासिक आणलं, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. माडाला नाव सांगितलं तेही सांगितलं. मामंजी खोकत उठून गेले.

गोमानं मासिक उलटं धरून नीट पाहिलं. "इंग्रजी मंतर हाय. याला माज्याकडं उतारा न्हाय. पन भ्याचं कारन न्हाय. इंग्रज गेला तवा त्याची भुतंबी बोटीत बसून गेली." आणि तो निमूट माडावर चढला.

"वैनी," जानकी डोळे पुसत म्हणाली, "बोंबील साफ करताना डोले मिटता तुमी. चेटकीन कशा व्हाल?"

आईंनी त्या दिवशी तिच्याकडून सरंगा घेतला. वासही घेतला नाही.

मला वाटलं, आता माहेरी रवानगी. पण दुपारी आई झोपल्याच नाहीत. मासिक घेऊन माझ्याजवळ बसल्या.

"यात भटजी लागत नाही म्हणतेस?"

"नाही."

"सोवळं?"

"तेही नाही."

"आणि सासू?"

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "मलाही या घरात चाळीस वर्षं कुणी नावानं हाक मारलेली नाही. माझं माहेरचं नाव वेणू."

त्या महिन्यापासून दर पौर्णिमेला दुपारी वाकड्या माडाखाली आमचं रिंगण होऊ लागलं. आई मधे पाटावर बसून गुलाबी कपातून चहा घेत आणि माडाशी तासभर बोलत. मीठ कमी पडलं की मला हाक मारत. अशी मी मुरुडातली पहिली विलायती चेटकीण झाले. खराटाही रीतसर माझ्याकडेच आला. आईंचं बोलणं आटोपलं की रिंगण झाडायला!