बाकावरची चाळीस मिनिटं

छावणीत माजी सैनिकांसाठी एक लहानसं रुग्णालय आहे. तिथल्या तातडीच्या विभागात मी अकरा वर्षं कंत्राटावर काम केलं. विभाग म्हणजे दोन खाटा, एक ईसीजीचं यंत्र, एक मॉनिटर, शॉक द्यायचं यंत्र आणि दाराबाहेर भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक. या बाकाबद्दल मी कित्येक वर्षं कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं तेही अर्धंच, आणि अशा रीतीनं की चूक दुसऱ्याच कुणाची वाटावी.

नोकरी संपून वीस-वीस वर्षं झालेली ती माणसं त्या बाकावर हुद्द्याप्रमाणं बसायची. दाराजवळ सुभेदार, मग नायब सुभेदार, मग हवालदार, नाईक, आणि अगदी टोकाला शिपाई. कुणी मोठा आला की सगळं बाक एकेक जागा सरकायचं. बगलेत उर्दू पेपर धरून एक सुभेदारसाहेब यायचे. ते दिसले की गावात पाटीलकी मिरवणारा नाईकही गुमान उठायचा. हे कुणी शिकवलेलं नव्हतं आणि कुणी लिहूनही ठेवलेलं नव्हतं. मला आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं, आणि नंतर ते माझ्या सोयीचं झालं. सिस्टरला ओरडावं लागत नव्हतं, भांडणं होत नव्हती. ही रांग हुद्द्याची आहे, आजाराची नाही, हे मला कळत होतं. रोज कळत होतं, तरी मी मोडली नाही.

माझ्या आधीच्या डॉक्टरांनी जाताना एकच गोष्ट बजावली होती. या लोकांना ‘दुखतंय का’ असं विचारायचं नाही, ते नाहीच म्हणणार. ‘कधीपासून दुखतंय’ असं विचारायचं.

त्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजले असतील. ऑक्टोबरचं ऊन होतं. साठी ओलांडलेले एक हवालदार आले. उस्मानपुऱ्यात एका बँकेच्या दारावर ते पहाऱ्याला होते. बायकोनं रिक्षातून आणलं, बाकावर बसवलं आणि ती नोंदणीच्या खिडकीकडं गेली. खिडकीवर रांग होती. नंबर लागल्यावर तिला माजी सैनिकाच्या कार्डाची झेरॉक्स आणायला रस्त्यापलीकडं पाठवलं, आणि तिथं वीज गेलेली. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाकावर दुसरं कुणी नाही, ते पहिल्या जागेवर बसलेत आणि त्यांच्या कपाळावर घाम आहे. ऑक्टोबरात घाम कुणाला येत नाही? ही सबब मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवली आहे की आता ती मलाच खोटी वाटते.

मी त्यांना आत बोलावलं. ते उठलेही. तेवढ्यात कॅप्टनसाहेब आले. ऑनररी कॅप्टन, दौलताबादकडं सीताफळाची बाग, गप्पिष्ट माणूस. मला ‘बेटा’ म्हणायचे. सकाळपासून जरा गरगरतंय म्हणाले. हवालदार बाजूला झाले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले,

“पहले साब.”

मी दारातूनच विचारलं, “बाबा, दुखतंय का?”

“कुछ नहीं मॅडम. गॅस है.”

ते पुन्हा बसले. मी कॅप्टनसाहेबांना आत घेतलं. त्यांची शुगर जराशी कमी झाली होती. साखरपाणी दिलं, दहा मिनिटांत माणूस ताजातवाना. उठतील तर शपथ. बायको साखरेला हात लावू देत नाही, अशी तक्रार सुरू झाली. म्हणाले, “बेटा, शंभर जवानांना मी सरळ केलं, पण घरात मी अजून रंगरूट.” मी हसले. मोठ्यानं हसले. सहसा मी अशी हसत नाही. त्यांच्या मागोमाग दोन सुभेदार आले, तेही रिवाजाप्रमाणं पुढं. एकाचं ड्रेसिंग, एकाचा खोकला. दरम्यान मी एकदा दाराबाहेर नजर टाकली. हवालदार ताठ बसले होते, डावा तळवा मांडीवर उपडा ठेवून. त्यांच्या आणि ईसीजीच्या यंत्रामध्ये दहा पावलं होती.

मग बाकावरून काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

पुढचं आमच्या धंद्यातलं आहे, ते सांगत बसत नाही. छाती दाबली, शॉक दिले, अर्धा-पाऊण तास झटलो. गेले. आल्याबरोबर ईसीजीची पट्टी काढली असती तर वाचलेच असते असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मॉनिटरला जोडलेले असते तर हृदय थबकल्याच्या क्षणी शॉक मिळाला असता. संधी होती. चाळीस मिनिटं होती.

बायको झेरॉक्स घेऊन आली तेव्हा मी हातमोजे काढत होते. तिनं काय झालं विचारलं. मी म्हणाले, “फार उशीर झाला, बाई.”

मला काय म्हणायचं होतं कोण जाणे. कदाचित खरंच सांगायचं होतं. पण ती लगेच म्हणाली, “कार्ड घावत नव्हतं. कपाटात हुडकण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. व्हय ना मॅडम, त्याच्यानंच ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

एवढंच. नंतर आत जाऊन केसपेपरवर, रुग्ण आल्याची वेळ या रकान्यात, ते पडले ती वेळ लिहिली. कुणी काही विचारलं नाही.

सिस्टरला माहीत होतं. महिन्याभरात तिची बदली झाली. जाताना ती माझ्याशी नीट बोलली नाही.

त्यानंतर सहा वर्षं ती बाई दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी येत राहिली. दारापलीकडं बायकांसाठी ठेवलेल्या बाजूला बसायची. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेलं. नवी कुणी बाई दिसली की तिला जवळ घेऊन सांगायची, कार्ड हाताशी ठेव गं, कपाटात कोंबू नको, माझा मालक पंधरा मिनिटांनी गेला. मी आतून ऐकायची. लिहिता लिहिता पेन थांबायचं. त्या काळात मला एका जागी बसवत नसे. दर दहा मिनिटांनी उठून बाकाकडं बघून यायचं. पाय मुरगळलेल्या माणसाचाही ईसीजी काढायचा. सिस्टर लोक पाठीमागं मला ‘पट्टीवाली मॅडम’ म्हणत. बाकाची रांग मी मोडून टाकली होती, म्हातारे कुरकुरायचे. पण जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. पुढच्या महिन्यात सांगू, असं बहात्तर वेळा तरी ठरवलं असेल.

एका महिन्यात मी तिचं प्रेशर घेत होते. वाढलेलं होतं. झोप येते का विचारलं, तर ती दार लोटून घेऊन हळू आवाजात बोलायला लागली. मुलगा फौजेत आहे. बापाचं झाल्यापासून सुट्टीवर आला तरी मावशीकडं उतरतो. एकदा भांडणात बोलून गेला होता, कार्ड हुडकत बसलीस आणि बापाला घालवलंस. यंदा लग्न ठरतंय, तर आईला बोलावायचं की नाही यावर चर्चा चाललीय.

“पुढल्या आठवड्यात त्याला इथं घेऊन येते,” ती म्हणाली. “तुम्ही एवढंच सांगा, पंधरा नाय, पाचच मिनिटं गेली. डाक्टरनं सांगितल्यावर ऐकंल तो. खोटं हाय, पण लई मोठं नाय.”

मी हो म्हणाले.

तो आठवडा कसा काढला, देवाला ठाऊक. आणि खरं सांगायचं तर मी ते पाच मिनिटांचं खोटं बोलायचंच ठरवलं होतं. गाडी चालवताना वाक्याची तालीमही केली. सगळ्यांचं भलं होणार होतं. तिचा मुलगा परत येणार, मी सुटणार.

ती दोघं आली. मुलगा बापासारखाच, बस म्हटलं तरी उभा. आई माझ्याकडं बघत होती, आता बोला म्हणून. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “तुमच्या आईमुळं उशीर झाला नाही. ते इथं वेळेत आले होते. चाळीस मिनिटं बाहेर बसून होते. मी बघितलं नाही.”

मग सगळंच सांगितलं. कॅप्टन, सुभेदार, केसपेपरवरची वेळ. माझं हसणंसुद्धा.

मुलानं एकच विचारलं, “बाबांचा नंबर कितवा होता?”

“पहिला.”

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. ती मात्र माझ्याकडंच बघत राहिली. मला वाटलं होतं रडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, “मी इचारलं तवा तुम्ही मान हलवली होती.”

मी हो म्हणाले. माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, नाकारलीही नाही. म्हणाली, “लिहून द्या.”

मी लिहून दिलं. हॉस्पिटलच्या कागदावर, वेळेसकट, खाली सही आणि शिक्का. दुसरी प्रत प्रमुखांकडं पाठवली. पुढं चौकशी झाली आणि माझं कंत्राट वाढवलं नाही. ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

कागद देताना तिचा चेहरा लालबुंद झालेला दिसला. सवयीनं मी प्रेशरच्या पट्ट्याकडं हात नेला. तिनं दंडावर पदर ओढून घेतला.

“तुमच्या हातानं नको.”

दोघं बाहेर गेली. बायकांची बाजू त्या दिवशी भरलेली होती. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ती मुलाला म्हणाली, इथंच वाच, मोठ्यानं. तो, घरी वाचू आई, म्हणाला. ती ऐकेना. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. माझी वाक्यं त्याच्या आवाजात, एकेक शब्द सुटा. बायकांची कुजबुज थांबली. चाळीस मिनिटांवर येऊन तो अडखळला.

“थांबू नको,” ती म्हणाली. “वाच पुढं.”